मलगायचं तिकीट: स्कॉटलंडला नव्याने येणाऱ्यांसाठी कानांची तयारी

ग्लासगोत येऊन मला तिसरा दिवस होता. स्टेशनवर तिकीट खिडकीपाशी गेले आणि म्हटलं, "मिल्नगावी, रिटर्न." मोबाइलवर स्पेलिंग तसंच दिसत होतं, आणि मला तर ते चक्क मराठी वाटलं होतं. मिलनगावी, म्हणजे मिलनच्या गावी! खिडकीपलीकडच्या माणसाने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच ठासून सांगितलं. रांगेत मागे उभ्या असलेल्या आजीबाई शेवटी त्याला म्हणाल्या, "शी मीन्स मलगाय, सन." तिकीट लगेच हातात आलं. फोर्ट विल्यमपर्यंत जाणारी १५४ किलोमीटरची वेस्ट हायलँड वे ही पायवाट जिथून सुरू होते, ते हे गाव. मलगाय. जोर 'गाय'वर.

त्या संध्याकाळी एक दोनशेपानी वही आणली आणि पहिली नोंद केली. पुढे दिलंय ते बहुतेक त्या वहीतलंच आहे.

आधी वही, आणि ती देवनागरीत

ऐकलेला शब्द रोमन लिपीत टिपू नका. रोमन अक्षरं दिसली की डोळा स्पेलिंगच्या मागे धावतो आणि कानाने पकडलेलं निसटतं. देवनागरीत जसं ऐकलं तसं लिहिता येतं, ही आपली फुकटची चैन आहे.

हे आपल्याकडे आधी होऊन गेलंय. महाबळेश्वरला जुन्या कागदपत्रांत माल्कमपेठ म्हणतात. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर जॉन माल्कम हे दक्षिण स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसशायरचे. त्यांच्या आडनावाच्या स्पेलिंगात शेवटच्या 'म'च्या आधी आणखी एक 'एल' बसलेला आहे, पण तो कोणी उच्चारत नाही. आपल्या लोकांनी स्पेलिंग बघितलंच नाही. ऐकलं, लिहिलं, आणि बरोबर लिहिलं.

वहीत तीन गोष्टी टिपा: शब्द, जोर कुठल्या अक्षरावर आहे, आणि कुठे ऐकला. तिसरी फालतू वाटते, पण शब्द लक्षात राहतो तो तिच्यामुळेच.

कानावर नेमकं काय पडतंय?

'स्कॉटिश ॲक्सेंट' असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, स्कॉटिश धाटणीची इंग्रजी. तुमचे प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतली माणसं ही बोलतात आणि तिला महिनाभरात कान सरावतो. दोन, स्कॉट्स. ही इंग्रजीची सख्खी बहीण आहे. दोघी जुन्या इंग्रजीतूनच आल्या, पण हिने आपला संसार वेगळा मांडला. २०२२च्या जनगणनेत १५ लाखांहून जास्त लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असं सांगितलं. तीन, गेलिक. ती मात्र पूर्ण वेगळ्या घरातली, आयरिशच्या जवळची. स्टेशनांच्या पाट्यांवर इंग्रजी नावाखाली दिसते ती हीच. २०२५च्या कायद्याने स्कॉट्स आणि गेलिक दोन्हींना अधिकृत दर्जा मिळाला, त्यामुळे स्कॉट्सला 'अशुद्ध इंग्रजी' म्हणायची चूक करू नका. मालवणीला अशुद्ध मराठी म्हटल्यावर सिंधुदुर्गात जे होईल, तेच इथे होतं.

अडचण अशी की माणसं या तिन्हींत हद्द पाळत नाहीत. ऑफिसमध्ये पहिली बोलणारा मनुष्य फोनवर आईशी बोलताना दुसरीत शिरतो. आपणही सांगलीला फोन लावला की 'आहे'चं 'हाय' करतोच की.

तुमच्या तोंडात आधीपासून असलेले आवाज

नव्याने येणारी बहुतेक मुलं लंडनची इंग्रजी घोकून येतात आणि मग घाबरतात. त्यांना कोणी सांगत नाही की मराठी तोंड लंडनपेक्षा स्कॉटलंडला जवळचं आहे.

'र' घ्या. लंडनचा माणूस 'कार', 'पार्क', 'फर्स्ट' यांतला र गिळून टाकतो. स्कॉट माणूस तो म्हणतो, आणि जिभेने टिचकी मारून म्हणतो. म्हणजे आपलाच र. (ग्लासगोतल्या तरुण पोरांच्या तोंडी शब्दाच्या शेवटचा र बराच पुसट झालाय, तेवढा अपवाद.) 'गो' आणि 'डे' यांतले स्वर लंडनमध्ये घसरत जातात, 'गोउ', 'डेइ' असे. इथे ते सरळ आपले ओ आणि ए. 'फूड' आणि 'गुड' यांचं यमक जुळतं, 'पूल' आणि 'पुल' यांत फरकच नाही. ऱ्हस्व-दीर्घात शाळेत मार खाल्लेल्यांना हा देश माफ करतो. 'बर्ड', 'वर्ड', 'हर्ड' हे तीन शब्द इंग्लंडात एकाच सुरात येतात. इथे अनेकांच्या तोंडी स्पेलिंगप्रमाणे इ, अ, ए असे वेगळे राहतात.

आणि 'फिलम'. गावाकडे 'फिल्म'ला फिलम म्हटलं की शहरातली भावंडं हसायची ना? इथे पुष्कळजण फिलम म्हणतात. 'गर्ल'चं 'गिरल', 'वर्ल्ड'चं 'वरल्ड'. ल आणि र यांच्या शेजारी काही व्यंजनं आली की मध्ये एक छोटा स्वर सरकवायचा.

नवे शिकायचे आवाज

पहिला 'ख़'. 'लॉख़' म्हणजे तळं. आपला 'खडू'तला ख इथे चालत नाही, 'लॉक' म्हटलं तर कुलूप होतं. घशात काही अडकल्यावर आपण खाकरतो, त्याची सुरुवात म्हणजे हा आवाज. उर्दू गझल ऐकणाऱ्यांना 'ख़्वाब'मधून तो ठाऊक असतो. सरावाला एक गाव देते: ऑख़्टरमुख़्टी. हे नीट म्हणता आलं तर बाकी सगळं जमेल.

दुसरा आवाज खरं तर आवाजाचा अभाव आहे. ग्लासगोत शब्दाच्या मधला ट घशातच थांबवतात. 'वॉटर' होतो 'वॉ-अर', 'बटर' होतो 'ब-अर'. हे तुम्ही बोलायची गरज नाही, फक्त ओळखा: मध्ये हिसका बसला की तिथे ट होता.

तिसरी गोष्ट, 'आउ'चा 'ऊ'. हाउसचं हूस, डाउनचं डून, अबाउटचं अबूट. चौथी, शेवटचा ल विरघळतो: 'ऑल'चं 'ऑ', 'बॉल'चं 'बॉ', आणि फुटबॉलचं 'फिट्बॉ'. पाचवी, ग्लासगोत 'थ'चा 'ह' होतो, म्हणून 'थिंक' ऐकू येतं 'हिंक'.

सहावीकडे नीट लक्ष द्या, कारण तिथे अर्थ उलटतो. क्रियापदाला शेवटी 'ने' चिकटला की नकार. कॅने, डिने, विल्ने, इझ्ने, वॉझ्ने. आपल्या डोक्यात 'ने' म्हणजे तृतीया, रामाने मारले. इथे तो 'नाही'. आणि नुसता 'नो' मधे आला तर तोही 'नाही'च: 'आम नो गोइन' म्हणजे मी जाणार नाही. होकाराला 'आय' म्हणतात. सुरुवातीचे काही दिवस बसमध्ये माझ्या आजूबाजूला सगळे आईला हाका मारतायत असं वाटायचं. 'आय, राइट' असं लांबवून म्हटलं तर मात्र तो होकार नसतो. 'हो हो, झालंच!' असा त्याचा सूर.

राहता राहिला आपला दोष: व आणि व्ह यांत आपण घोळ घालतो. 'वेस्ट' म्हणताना ओठ गोल करा, 'व्हेस्ट'ला वरचे दात खालच्या ओठाला लावा. त्यात इथले जुने लोक 'व्हिच' आणि 'विच' यांत आणखी फरक करतात. पहिल्यात फुंकर मारतात.

गावांची आणि माणसांची नावं

इथे नियम थोडे, पाठांतर जास्त. पण असलेले नियम कामाचे आहेत.

आपल्याकडे गावाचा प्रकार शेवटी येतो: वाडी, गाव, पूर. गेलिक आणि तिच्या नात्यातल्या इथल्या जुन्या भाषांत तो आधी येतो. 'इन्व्हर' आणि 'ॲबर' म्हणजे नदीचं मुख, 'डन' म्हणजे गढी, 'किल' म्हणजे चर्च, 'बाल' म्हणजे वस्ती. जोर या प्रकारावर नाही, त्याच्या पुढच्या भागावर द्यायचा. इन्व्हर-नेस. ॲबर-डीन. डन-डी. किल-मार-नॉक. मराठी सवयीने आपण पहिल्या अक्षरावर आपटतो आणि समोरच्याला गाव कळत नाही.

'बर्ग' कधीही म्हणू नका. एडिन्बरा, मसलबरा, रॉक्सबरा. खुद्द एडिनबर्गचे लोक घाईत 'एम्ब्रा' म्हणतात. ग्लासगोत स चा झ होतो, 'ग्लाझगो', आणि तिथल्याच माणसाच्या तोंडी 'ग्लेझगा'. शेवटी 'विक' असेल तर व पुष्कळदा गळतो: बेरिक, हॉइक. पुष्कळदा म्हटलं, कारण प्रेस्टविकमध्ये तो ठणठणीत आहे.

सगळ्यात मजेशीर गोष्ट 'झेड'ची. कलेन नावाचा किल्ला, डीएल आणि मिङिस ही आडनावं. तिन्हींच्या स्पेलिंगात झेड आहे, उच्चारात कुठेच नाही. जुन्या स्कॉट्समध्ये 'योख़' नावाचं एक अक्षर होतं, साधारण तीनच्या इंग्रजी आकड्यासारखं दिसणारं. छापखाने आले तेव्हा छापणाऱ्यांकडे त्याचा खिळा नव्हता. दिसायला जवळचा म्हणून त्यांनी झेड ठोकून दिला. अक्षर गेलं, झेड उरला. मिङिसमधला ङ मी मुद्दाम लिहिलाय. 'वाङ्मय' सोडून त्या बिचाऱ्या अक्षराला आयुष्यात काम नसतं, इथे ते नेमकं बसतं. लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते राहिलेले मिङिस कॅम्बल यांना लोक 'मिङ' म्हणत ते यामुळेच. आजकाल काहीजण स्वतःच आपलं आडनाव 'मेंझीज' सांगतात, तेव्हा वाद घालू नका, माणूस सांगेल ते खरं.

बाकीची वहीतून तशीच उतरवते: कर्कूब्री (स्पेलिंगात शेवटी 'ब्राइट' आहे, विसरा), कर्कॉडी, स्ट्रेव्हन, ग्लाम्झ, वीम्ज, आयला बेट, एडिनबर्गची कोबर्न स्ट्रीट, ग्लासगोची सॉख़ीहॉल स्ट्रीट आणि गव्हन. कहून हे आडनाव आहे; त्यातला क्यू कुठे गेला विचारू नका.

गेलिक नावांत 'बी-एच' किंवा 'एम-एच' दिसलं की बहुधा 'व' म्हणा. माझ्या वर्गात वारी नावाची मुलगी होती. हजेरीच्या यादीत स्पेलिंग 'एम-एच'ने सुरू होणारं, आणि मी महिनाभर तिला 'मायरी' म्हणत होते. पंढरपूरची वारी तिला समजावून सांगितली तेव्हा ती फार खूश झाली. 'एली' नावाच्या मुलीही पुष्कळ भेटतील. स्पेलिंगात शेवटी 'डी-एच' असतं, ते गप्प. तसंच 'केली'. हा सगळ्यांनी मिळून नाचायचा कार्यक्रम, विद्यापीठात पहिल्याच आठवड्यात असतो. "काल आम्ही केली केली" हे वाक्य आईला फोनवर समजावताना माझी पुरेवाट झाली.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

नवा शब्द कळला नाही तर आपण विचारतो. ओळखीचा शब्द आला की विचारत नाही, आणि नेमके तिथेच फसतो.

बॉयलर बंद पडला होता. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, 'द बॅक ऑफ नाइन'. मी समजले नऊच्या अलीकडे. आठपासून वाट बघत बसले, नऊला वैतागून कामावर निघून गेले. तो सव्वानऊला आला, बेल वाजवून परत गेला, आणि मी आणखी दोन दिवस कोट घालून झोपले. 'बॅक ऑफ नाइन' म्हणजे नऊ वाजून गेल्यावर, थोड्याच वेळात. 'हाफ नाइन' म्हणजे साडेनऊ, साडेआठ नव्हे.

'हाऊ?' ग्लासगोत पुष्कळदा 'का?' असतं. मी म्हटलं, उद्या येणार नाही. सहकारी म्हणाला, "हाऊ नो?" मी त्याला कशी येणार नाही ते सांगायला लागले.

'आय डाउट इट्ल रेन' ऐकून छत्री घरी ठेवू नका. जुन्या धाटणीत 'डाउट' म्हणजे 'मला वाटतं, होणारच'. पाऊस येतो. (छत्रीचा तसा उपयोग नाहीच, वाऱ्याने उलटी होते. टोपीचं जाकीट घ्या.)

'मेसेजेस' म्हणजे वाणसामान. समोरच्या दारातल्या आजी पहिल्या आठवड्यात म्हणाल्या, "आम अवे द मेसेजेस, हेन. ड्ये नीड एनिहिन?" मला वाटलं बाई टपाल वाटतात. त्या दुकानात चालल्या होत्या आणि दूध-बिध हवंय का विचारत होत्या. आणि 'हेन' म्हणजे कोंबडी नव्हे, आपलं 'पोरी' किंवा 'बाळ'. बस ड्रायव्हरही म्हणेल. पुरुषांना 'पॅल', 'सन', 'बिग मॅन'. रागावू नका, हे 'दादा', 'भावा'च आहे.

'माइंड' म्हणजे आठवण ठेव. 'व्हेअर ड्ये स्टे?' म्हणजे कायमचं घर कुठे; आपण मराठीतून इंग्रजीत अगदी हेच विचारतो, तेव्हा इथे बिनधास्त विचारा. 'यूझ' म्हणजे अनेकवचनी तुम्ही. 'ग्रीटिन' म्हणजे रडणं, अभिवादन नव्हे. 'पीस' म्हणजे सँडविच. 'जूस' मागितलात तर फळांचा रस मिळेलच असं नाही, फसफसणारं पेय येऊ शकतं. 'फिश सपर' दुपारी बारालाही मिळतं, कारण 'सपर' म्हणजे सोबत चिप्स. चिप्सच्या दुकानात एडिनबर्गला विचारतील 'सॉल्ट न सॉस?', ग्लासगोला विचारतील 'सॉल्ट न व्हिनेगर?'. उत्तर काहीही द्या, पण एका गावात दुसऱ्या गावची तारीफ करू नका.

घरभाड्याच्या करारात 'आउटविथ' दिसेल. छपाईची चूक नाही, अर्थ 'च्या बाहेर'. त्याच करारात 'क्लोस' येईल, शेवटी स. इमारतीचा सगळ्यांचा मिळून जो जिना आणि बोळ असतो, तो क्लोस. दार बंद करा असा त्याचा अर्थ नाही, जरी ते केलेलं बरं.

पावसाचे शब्द वेगळे टिपा. 'स्मर' म्हणजे भुरभुर. 'हार' म्हणजे पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून आत शिरणारं धुकं. 'बॉल्टिक' म्हणजे कडाक्याची थंडी. आणि 'ड्रीख़': राखाडी, ओलं, न संपणारं, जीव कंटाळवणारं. याला मराठी शब्द शोधून मी थकले. कोकणातल्या आषाढालाही एक हिरवा उत्साह असतो, ड्रीख़ला तोही नसतो.

शहर बदललं की वही नवी

ॲबरडीनला निघाला असाल तर एकच किल्ली पुरते: प्रश्नाच्या सुरुवातीचा 'व' किंवा 'ह' काढून 'फ' लावा. 'व्हॉट'चं फिट, 'व्हेअर'चं फार, 'व्हेन'चं फॅन, 'हू'चं फा, 'हाउ'चं फू. 'फिट लाइक?' म्हणजे कसं काय. मुलाला 'लून', मुलीला 'क्वाइन'.

डंडीत 'आय'चा 'ए' होतो. 'पाय' मागायचा तर 'पे' म्हणतात, 'फाइव्ह'चं 'फेव्ह'.

एडिनबर्ग आणि फाइफकडे वाक्यागणिक 'केन' ऐकाल: ठाऊक आहे ना? लहान मूल तिकडे 'बेर्न', ग्लासगोत 'वेन'. आणि एडिनबर्गच्या पोरांकडून एक शब्द ऐकून तुम्ही थबकाल: 'चोर'. 'समबडीज चोर्ड मा बाइक', म्हणजे सायकल चोरली. योगायोग नाही. हा शब्द रोमानी भाषेतून आलाय, आणि रोमानी बोलणाऱ्यांचे पूर्वज भारतातूनच गेले होते.

इन्व्हरनेसकडे मात्र बोलणं स्वच्छ आणि संथ. कान दमले की तिकडे एखादा शनिवार-रविवार जाऊन या.

रोजचा सराव

ट्रेनमधल्या ध्वनिमुद्रित सूचना ऐका, पाटीवरचं नाव बघा, वहीत उच्चार लिहा. गावांची नावं पाठ करायला याहून सोपा मार्ग नाही. घरी भांडी घासताना रेडिओ स्कॉटलंड लावा, शक्यतो फुटबॉलवरच्या गप्पा, कारण तिथे कोणी भाषा सांभाळून बोलत नाही. शब्द अडला तर डिक्शनरीज ऑफ द स्कॉट्स लँग्वेज हा कोश इंटरनेटवर फुकट आहे.

न कळता मान डोलवणं बंद करा, हे मी पोटतिडकीने सांगते. मी एकदा अशीच मान डोलवून शनिवारचं जादा काम पत्करलंय. सरळ म्हणा, "सॉरी, से दॅट अगेन? अ वी बिट स्लोअर." 'वी' म्हणजे छोटंसं, तो शब्द टाकला की माणसं विरघळतात. फोनवर वेळ आणि पत्ता आपण परत म्हणून दाखवायचा, आकड्यांत. आणि त्यांचा हेल काढून बोलायला जाऊ नका. लॉख़ नीट म्हणा, मलगाय नीट म्हणा, बाकी आपली इंग्रजी राहू द्या.

त्यांनाही आपली नावं जड जातात. माझं नाव मृणाल. समोरच्या आजींनी र नीट घोळवून, मध्ये आपला छोटा स्वर सरकवून त्याचं 'मुरनल' केलं. मी दोन-तीनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. त्या वर्षीच्या नाताळात दाराखालून त्यांचं कार्ड आलं. नावाचं स्पेलिंग त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. जसं ऐकलं तसं, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: एम-यू-आर-एन-ए-डबल एल.